नाळांची यादी

नकाशे अजून कुणी काढले नव्हते आणि राज्याची हद्द माणूस दिवसभरात चालेल तिथवरच असायची, तेव्हाची ही फार जुनी गोष्ट.

एका राज्याच्या मधोमध नदी वाहत होती. राजवाडा अल्याडच्या काठावर होता. माणसं मात्र दोन्ही काठांवर होती आणि एकमेकांत पुरती मिसळली होती, कारण तिथली रीतच तशी होती. मुलगी द्यायची ती नदीपार, आणि तिचं पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे घरोघरी थोरलं लेकरू पलीकडच्या काठावर जन्मायचं आणि बाकीची भावंडं अलीकडे. त्याचं कुणाला काही वाटत नसे. फार तर थोरल्याला चिडवायचे, की तू होडीतून आलेला पाहुणा, तुला जेवायला शेवटी.

दोन्ही काठांना सुईण एकच होती. सगळे तिला चिमाआत्या म्हणत. बाळ जन्मलं की त्याच अंगणात त्याची नाळ पुरायची, आणि ती पुरायचीही आत्यानेच. चाळीस वर्षांत तिने हजारभर नाळा पुरल्या होत्या. कुणाची कुठल्या अंगणात, कुठल्या झाडापाशी, सगळं तिला तोंडपाठ होतं. आजवर तिचं एकदाही चुकलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला फार अभिमान होता.

आत्याचा एकुलता मुलगा तापाने गेला. त्याची बायको मैना पल्याडची. तरी ती माहेरी परत गेली नाही. सासूजवळ राहून सुईणपण शिकू लागली. म्हातारीचे हात थरथरू लागले होते. आता मैनाच तिचे हात झाली होती.

मग दोन वर्षं पाऊस पडला नाही.

लोकांनी राजाचं कोठार उघडण्याची वाट पाहिली. ते उघडलं नाही. तेव्हा दोन्ही काठांची माणसं एकत्र जमली आणि राजवाड्याच्या दारात येऊन बसली. कुणी दगड उचलला नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसती बसून राहिली. राजाने गच्चीवरून ती गर्दी पाहिली आणि तो घाबरला. कोठार रिकामं होतं. सगळं धान्य देऊन त्याने परमुलखातून घोडे आणले होते.

प्रधान म्हणाला, "महाराज, ही माणसं एक आहेत तोवर तुमच्याकडे बघणार. त्यांना एकमेकांकडे बघायला लावा."

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. ज्याची नाळ अल्याड पुरली त्याला अल्याड धान्य मिळेल, ज्याची पल्याड त्याला पल्याड. आधी यादी होईल, मग वाटप.

राजाचा कारकून थेट चिमाआत्याच्या ओसरीवर येऊन बसला. आत्याने हात धुतले, पदर सावरला आणि सांगायला सुरुवात केली. तीन दिवस ती सांगत होती. ऐकायला गाव लोटलं. मध्येच एखादा तिची परीक्षा घ्यायचा, आणि ती त्याची नाळ कुठल्या झाडाखाली आहे ते सांगून वर त्याची आई किती ओरडली होती तेही सांगायची. लोक हसायचे. एकदा तिने कारकुनालाच विचारलं, "तुझ्या राजाला उलटा धरून पहिली चापट मीच मारली. त्याची नाळ कुठे आहे सांगू?" कारकून म्हणाला, त्याची गरज नाही.

मैना भाकरी थापत होती. ती म्हणाली, "आत्याबाई, धान्य द्यायचं तर पोट बघतात. हे नाळ कशाला विचारतायत?"

आत्याला राग आला. तिने सुनावलं, की विचारलं ते खरं सांगावं, एवढंच आपलं काम. पुढचं राजा बघेल. आणि तिने पुढचं नाव सांगितलं. ते मैनाचंच होतं. पल्याड.

यादी झाली, वाटप झालं नाही. लोक विचारायला गेले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, की पल्याडचे तुमच्यात लपून दोन्हीकडे हात मारतात, म्हणून तुमचं अडलं आहे. तिकडच्या काठावर दुसरा कारकून अल्याडच्यांबद्दल हेच सांगत होता. कोठार उघडून दाखवा, असं कुणीही म्हणालं नाही. एवढी माणसं होती, आणि एकानेही म्हटलं नाही!

मग थोरल्या भावांना पाणवठ्यावर अडवलं गेलं. मग ताटावरून उठवलं गेलं. कुणीतरी होड्या जाळल्या. कुणीतरी गुरं कापली. पहिला माणूस मेला तेव्हा दोन्ही काठ हादरले. दहावा मेला तेव्हा कुणी चुलीपासून उठलंही नाही.

अल्याडच्या भालेकऱ्यांचा नायक हैबती होता. त्यालाही आत्यानेच जगात आणलं होतं. एका सकाळी त्याने यादी हातात घेऊन काठावरच्या साठ माणसांना धरलं आणि राजाच्या कोठारात कोंडलं. त्यांत भालेकऱ्यांचेच थोरले भाऊ होते, वहिन्या होत्या. मैना होती. कोठारात माणसं मावली, कारण आत दाणाही नव्हता. भालेकऱ्यांनी ती झाडलेली जमीन डोळ्यांनी पाहिली आणि बाहेरून अडसर घातला. तोवर भांडणाला धान्याची गरज उरली नव्हती.

चिमाआत्या काठी टेकत कोठारापाशी आली. मैनाला सोड, म्हणून तिने हैबतीला विनवलं. तो म्हणाला, "आत्या, नाव तूच सांगितलंस. मी फक्त वाचतोय."

दाराच्या फटीतून धूर निघावा तसा आतून रडण्याचा आवाज येत होता. आत्याला त्यातला एक आवाज ओळखता आला. मग तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मग एक नाव राहिलंय. हैबती, तुझी नाळ पल्याड पुरली आहे. तुझ्या आईने माझे पाय धरले, म्हणून मी लपवलं."

"म्हातारी खोटं बोलतेय."

"बोलत असेन. मग तुझ्या हातातली यादीही खोटीच, कारण तीही माझीच. सगळ्यांना सोड. आणि खरं बोलत असेन, तर तूही आत जाऊन बस."

तिला वाटलं होतं, आता हे हसतील. वरमतील, यादी फाडतील, अडसर काढतील.

कुणी हसलं नाही. हैबतीबरोबर सहा महिने एका ताटात जेवलेला त्याचा सोबती पुढे झाला आणि त्याने नायकाच्या कमरेची तलवार काढून घेतली. मग तो आत्याकडे वळून म्हणाला, "आता याच्याबद्दल सांग," आणि त्याने शेजारच्याकडे बोट दाखवलं. शेजारच्याने भाला उचलला. आत्या ओरडून सांगू लागली, की मी खोटं बोलले, हैबती इथलाच आहे रे, चिंचेखालच्या अंगणातला. कुणी ऐकलं नाही. तिचं कधीच चुकत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

घटकाभरात दारापुढे एकोणीस भालेकरी पडले होते. पहिला हैबती होता. आतल्या माणसांनी धक्के देऊन दार मोडलं आणि प्रेतं ओलांडून ती नदीकडे पळाली. उरलेल्या भालेकऱ्यांशी झालेल्या झटापटीत त्यांच्यातलीही बरीच गेली. मैना वाचली. ती शेवटी बाहेर आली. म्हातारी मातीत बसून हैबतीच्या तोंडावरचं रक्त पुसत होती, तिच्यापाशी मैना क्षणभर थांबली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "हे खोटं पहिल्या दिवशी बोलायला हवं होतं."

एवढं बोलून ती पाण्यात उतरली आणि पोहत पल्याड गेली. ती परत आली नाही.

युद्ध नऊ वर्षं चाललं. राजा घोड्यांवर बसून केव्हाच परमुलखात निघून गेला होता. ते कळूनही कुणी थांबलं नाही. शेवटी लढायला माणसं उरली नाहीत म्हणून ते थांबलं. त्यानंतर त्या राज्यात एक पिढी अशी वाढली, की तिच्यात कुणालाही थोरला भाऊ नव्हता, थोरली बहीण नव्हती. मुली माहेरी बाळंतपणाला जाईनाशा झाल्या. चिमाआत्या पुढे बरीच वर्षं जगली. तिला बोलावणं आलं की ती जायची, बाळ जन्मलं की आईच्या कुशीत ठेवायची. पण मुलगा कुणाचा, सून कुठली, असं काहीही कुणी विचारलं की ती उठून चालू लागायची.

तात्पर्य: माणसांची वाटणी करायला आलेल्याला आपण निमूटपणे पहिलं नाव सांगतो, त्याच दिवशी युद्ध सुरू होतं.