पक्की केलेली बायको

एका गावात एक भोळा मुलगा होता, येसबा. सांगाल ते ऐकायचा. तेवढंच ऐकायचा.

त्याचं लग्न ठरलं होतं आणि आईचा जीव टांगणीला लागला होता. याचे पराक्रम मुलीकडे कळले तर?

एकदा ती म्हणाली, "आबा आंब्याखाली बसलेत. त्यांना भाकरी देऊन ये."

येसबा पोचला तेव्हा आबा हात धुवायला विहिरीवर गेलेले.

"अरे, मी इकडे आहे!"

"असाल. ही भाकरी आंब्याखालच्या आबांची आहे."

भाकरी आंब्याखाली ठेवून तो परतला. ती कुत्र्याने खाल्ली.

आईने कपाळाला हात लावला. "आधीचं काय धरून बसतोस? तिथे पोचल्यावर डोळ्यांनी बघावं, मग करावं."

"बरं."

पुढे आईने त्याच्याकडे नवरीची साडी दिली. "सासुरवाडीला पोचव."

येसबा लगेच निघाला. वाटेत गुराख्याने विचारलं, "कुठल्या गावाला रे?"

"पोचलो की बघेन."

एका गावात पोचला. बघितलं. दारात एक बाई दिसली. दिली साडी. बाई सत्तरीची होती. तिने तोंडभर आशीर्वाद दिला.

"अरे मेल्या!" आई ओरडली. "कुठे जायचं, कोण हवं, ते घरूनच पक्कं करावं. आणि पक्कं केलं, की जगबुडी आली तरी बदलू नये!"

"बरं. मग माझी बायको कोण?"

"बोरखेडच्या तात्यांची चिमी."

"पक्कं?"

"पक्कं रे बाबा!"

लग्न बिनबोभाट लागलं. आईला हायसं वाटलं. सुनेला ओवाळून घ्यायचं म्हणून ती वऱ्हाडाबरोबर पुढे घरी गेली.

इकडे मांडवात भटजींनी तांदळाचं ताट पुढे केलं. "नवरीचं नवं नाव लिहा. इंदिरा."

येसबाने अंगठीने सावकाश लिहिलं.

तात्यांनी डोळे पुसले. "इंदिरा, बस बाई गाडीत."

येसबा आडवा आला. "ही कोण? माझी चिमी कुठंय?"

"अहो, मीच चिमी!" नवरी म्हणाली.

"आत्ता मी स्वतः इंदिरा लिहिलं. माझ्यासमोर खोटं बोलतेस?"

तात्यांनी समजावलं, भटजींनी समजावलं. येसबा हलला नाही.

घरी आई उंबऱ्यावर माप ठेवून उभी. गाडी आली. रिकामी.

"सून कुठंय रे?"

"चिमी सापडलीच नाही, आई. तिच्या जागी कुणी इंदिरा बसली होती. परक्याची बायको कशी आणू? रडत होती बिचारी. म्हटलं, बाई, घाबरू नकोस. तुझा नवरा न्यायला येईपर्यंत इथून हलू नकोस."