सहापट भिंग आणि पैलवानाचा हात

एका गावात एक पाठशाळा होती. तिथे ना शास्त्रं शिकवत, ना हिशेब. तिथे फक्त दात शिकवत. लांबलांबून मुलंमुली येत, वर्षानुवर्षं मातीचे दात कोरत बसत, आणि दंतवैद्य होऊन आपापल्या गावी परतत. पाठशाळेचे गुरुजी म्हातारे होते. त्यांच्या स्वतःच्या तोंडात दोनच दाढा उरल्या होत्या, पण दुसऱ्याचा दात वाचवावा तर त्यांनीच, असं सगळी पंचक्रोशी म्हणे.

या पाठशाळेत एक शिष्या होती. फार हुशार. हात असा स्थिर, की काठोकाठ भरलेली वाटी घेऊन जिना चढली तरी थेंब सांडायचा नाही. पण हुशार मुलांना एक खोड असते. जे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोठं, ते आपल्यासाठीच आहे असं त्यांना वाटतं. हिलाही तसंच वाटे.

शेवटच्या वर्षी प्रत्येक शिष्याला पहिला खरा रुग्ण मिळे. त्याआधी आपापला भिंगांचा चष्मा निवडायचा. त्यासाठी भिंगवाला नावेतून यायचा आणि ओसरीवर पेटी उघडून बसायचा.

"बसा बाई," भिंगवाला तिला म्हणाला. "काम करताना बसता तशाच बसा. तुमचे डोळे आणि रुग्णाचं तोंड यांत अंतर किती राहतं ते मोजतो. मग ठरवू."

"मोजायचं काय त्यात? सगळ्यात मोठं दाखवणारं कोणतं?"

भिंगवाला पक्का व्यापारी. गिऱ्हाईक स्वतःहून महागाच्या मालावर बोट ठेवत असताना मोजमाप कोण करत बसतो? त्याने दोरी गुंडाळून ठेवली. "हे घ्या, सहापट! दातावरची मुंगी म्हशीएवढी दिसेल."

शेजारच्या मैत्रिणीने बराच वेळ मोजूनमापून दुप्पटीचं भिंग घेतलं. ते पाहून हिला हसू आवरेना. "अगं, आजीचा चष्मा घेतलास की काय?"

सहापटीच्या भिंगातून मातीचा दात डोंगरासारखा दिसू लागला. केसाएवढी भेगसुद्धा तिच्या नजरेतून सुटेना. फक्त भिंगात एका वेळी एकच दात मावायचा, आणि तो नीट दिसावा म्हणून तिला बगळ्यासारखी मान वाकवून बसावं लागायचं. मान दुखायची. पण विद्येसाठी एवढं सोसायला हवंच, असं ती मनाला समजवायची. मातीच्या दातांची कसलीच तक्रार नव्हती. मातीच्या दातांना दुखत नाही.

आता पाठशाळेचा रिवाज ऐका. रुग्णाला दोनदा बसवायचं. पहिल्या खेपेला कीड काढून दातात मेण भरायचं, आणि आठवड्याने मेण काढून पक्कं भरण करायचं. दुसऱ्या खेपेला रुग्ण आपण होऊन आला, तरच शिष्याला वैद्याचं आसन मिळे. बोलवायला जायचं नाही, निरोपही धाडायचा नाही. रुग्ण आला नाही, तर आणखी एक वर्ष मातीचे दात. दात कसा झाला हे गुरुजी बघत, पण वैद्य कसा झाला हे रुग्णाने ठरवायचं.

शिष्येच्या वाट्याला आला एक पैलवान. आडदांड, मान म्हणजे झाडाचा बुंधा. पण खुर्चीत बसल्यावर त्याने खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या.

"घाबरू नका, पैलवान," ती म्हणाली. "तोंड उघडं असताना बोलता येत नाही, म्हणून इथे एक खूण आहे. दुखलं की हात वर करा. मी लगेच थांबेन."

पैलवानाने मान डोलावली. तिने दाढेभोवती लवंगेचं तेल लावलं, चष्मा चढवला आणि कामाला लागली. काय काम केलं तिने! कीड कणाकणाने निघाली. दाढेच्या खोल कोपऱ्यात दडलेला शेवटचा काळा ठिपकासुद्धा तिने हुडकून काढला. मेण भरलं, दाबून गुळगुळीत केलं. मग मोठ्या समाधानाने तिने चष्मा काढला.

पैलवानाचा हात वर होता. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

"कधीपासून वर आहे हा हात?" तिने घाबरून विचारलं.

"लई येळ झाला," पैलवान गाल धरून म्हणाला. "तुमीच सांगितलंत न्हवं, दुखलं तर हात वर करा म्हून? वरडलो असतो, पर भाईर तालमीतली पोरं हुबी हाईत. अब्रूचा सवाल हाय." एवढं बोलून तो उठला आणि मागे न बघता चालता झाला.

गुरुजींनी मागाहून ऐकलं तेव्हा मान हलवली. "काम नामी झालं असेल. पण मेण आठवडाभरच टिकतं. पुढे दाढ किडून जाईल."

ठरलेला दिवस उजाडला. बाकीच्यांचे रुग्ण एकेक करून आले. मैत्रिणीचा रुग्ण तर सोबत टोपलीभर पेरू घेऊन आला. दुपार झाली तरी पैलवानाचा पत्ता नव्हता.

शिष्या आधी चिडली. एवढा मोठा पैलवान आणि एवढासा जीव! मग तिला वाटलं, आणखी थोडं थांबावं. येईलही. आला तर आसन आपलंच. बोलवायला गेलो, तर माणूस आपण होऊन आला असं म्हणताच येणार नाही, आणि वर्ष हातचं गेलं. ती उंबरठ्यावर बसून राहिली. पण वाट बघताना तिच्या डोळ्यांपुढे आसन येईना, तो वर राहिलेला हात येऊ लागला. तिला मनापासून लाज वाटली. ती उठली आणि तडक तालमीत गेली.

पैलवान आखाड्याच्या कडेला बसून एकाच बाजूने भाकरी चावत होता. तिला बघताच त्याने तोंड मिटलं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "मला तुमचा हात दिसलाच नाही. माझ्या भिंगात दाढेशिवाय काही मावत नव्हतं, आणि ते भिंग मीच हट्टाने घेतलं होतं."

"हळू बोला, बाई! पोरं ऐकत्यात," पैलवान कुजबुजला. "मी न्हाई येनार पुन्यांदा."

"आज तोंड उघडू नका. नुसतं माझ्यासमोर बसा आणि हात वर करा. ज्या भिंगातून मला दाढेची जागा आणि तुमचा हात, दोन्ही दिसतील, तेच मी घेईन. नाहीच मिळालं, तर तुम्ही खुशाल घरी जा."

पैलवानाला हे पटलं. भिंगवाल्याची नाव अजून घाटावरच होती. दोघं तिकडे गेले. पैलवान एका खोक्यावर बसला. शिष्येने या वेळी भिंगवाल्याला आधी दोरी काढायला लावली आणि ताठ बसून अंतर मोजून घेतलं. सहापटीत हात दिसला नाही. चौपटीतही नाही. तिपटीत मान अवघडली. अडीचपटीचं भिंग चढवलं, तेव्हा पैलवानाच्या दाढेवरची मेणाची कड स्वच्छ दिसली, कारण त्याने नकळत तोंड उघडलं होतं. आणि भिंगाच्या चौकटीवरून त्याचे डोळे दिसले, खांदा दिसला, वर केलेला हातही दिसला.

"हेच," ती म्हणाली.

दोघं पाठशाळेत आले तेव्हा गुरुजी दारात उभे होते.

"हे आपण होऊन आले, की तू आणलंस?"

"मी आणलं, गुरुजी."

"रिवाज ठाऊक आहे ना? यंदाचं आसन गेलं."

"ठाऊक आहे. पण मेण आजच संपतं."

गुरुजी बाजूला सरकले आणि त्यांनी खुर्चीवरची धूळ स्वतःच्या उपरण्याने झटकली.

तिने काम सुरू केलं. मेण निघालं. पक्कं भरण अर्ध्यावर आलं आणि पैलवानाचा हात जरासा, जेमतेम गुडघ्यावरून उचलला गेला. तिचा हात जागच्या जागी थांबला.

"दुखलं का?"

पैलवानाने तोंडातला कापसाचा बोळा बाजूला केला.

"न्हाई," तो म्हणाला. "बघत हुतो, दिसतोय का."

तात्पर्य: ज्याच्यासाठी बारीक बघायचं, तो माणूसच दिसेनासा झाला, तर ते भिंग कितीही मोठं असलं तरी आपल्या कामाचं नाही.