डोंगराची करकर

तारांना आणि यंत्रांना बोलता येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका घाटात रुळांशेजारी केसाएवढी बारीक काचेची तार पुरलेली होती. जमीन जराशी हादरली, की तारेतून धावणारा प्रकाश थरथरायचा. त्या थरथरीवरून स्टेशनातलं यंत्र ओळखायचं, "ही म्हैस चालली. ही मालगाडी आली."

एका दुपारी तार ओरडली, "यंत्रदादा, डोंगरातून करकर येतेय!"

"असा आवाज मला कुणी शिकवलेला नाही," यंत्र म्हणालं. "वारा असेल. सोडून दे."

तारेला चैन पडेना. तिने शेजारच्या बिळातल्या म्हाताऱ्या साळिंदरणीला हाक मारली. साळिंदरणीने जमिनीला कान लावला आणि तिचे काटे ताठ उभे राहिले.

"अगं, आत खडक फुटतोय! मागे दरड कोसळली, तेव्हा अस्संच करकरलं होतं!"

तारेने हे क्षणात यंत्राला कळवलं. यंत्र दचकलं आणि त्याने लगेच सिग्नल लाल केला. शिटी वाजवत आलेली पॅसेंजर वळणावर कशीबशी थांबली. तेवढ्यात समोर धडाडधूम करत दरड रुळांवर कोसळली! डब्याडब्यांतून माणसं सुखरूप उतरली.

धुरळा बसायच्या आतच यंत्राने अधीरपणे विचारलं, "साळिंदरमावशी, तुम्हाला आणखी कुठले आवाज ओळखता येतात?"