शमी हसेना, शेंग मिळेना

परसात होतं कडुनिंबाचं झाड. झाडाला होती ढोली. ढोलीत राहायची एक खार.

खार एवढीशी. शेपूट एवढी.

झाडासमोर होतं शमीचं घर. रोज सकाळी शमीच्या घरात आवाज व्हायचा. मोहरी तडतड. कढीपत्ता चुर्र. शमीची आई फोडणी द्यायची.

चुर्र ऐकलं की खार ढोलीतून निघायची. तुरुतुरु, तुरुतुरु, खिडकीत यायची. खिडकीत असायचा शेंगांचा डबा. शमी झाकण काढायची, टकाक. एक शेंग खारीपुढे ठेवायची. खार दोन्ही हातांत शेंग धरायची आणि खायची, कुटुकुटु, कुटुकुटु.

एक दिवस चुर्र झालंच नाही.

खारीने कान टवकारले. मोहरी नाही. कढीपत्ता नाही. ऊन झाडाच्या शेंड्यावर आलं. ऊन फांदीवर आलं. ऊन ढोलीत आलं. तरी चुर्र नाही.

खारीच्या पोटात कावळे ओरडायला लागले. एवढीशी खार, तिच्या पोटात एवढाले कावळे.

खार निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

शमीच्या दारावर कडुनिंबाची डहाळी टांगली होती. घरात कांजण्या पसरल्या की शमीच्या गावात अशी डहाळी टांगतात. आणि फोडणी देत नाहीत. सगळे साधं, मऊ खातात. म्हणून चुर्र नव्हतं. पण खारीला हे कुठे माहीत?

कांजण्या आधी दादाला आल्या. दादाकडून शमीला लागल्या. शमीकडून बाबांना लागल्या. कुंपणापलीकडे मंदामावशी कुंड्यांना गेरू लावत होती. तिने तिथूनच विचारलं, आता कुणाचा नंबर? आई म्हणाली, माझा नाही बाई, मला लहानपणीच येऊन गेल्या.

खार खिडकीत आली. शेंग नव्हती. शमी नव्हती. नुसता डबा होता. त्याचं झाकण घट्ट.

खार म्हणाली, "डब्या, डब्या, उघड.
मला शेंग मिळेना."

डबा म्हणाला, "शमी उठली की मी उघडेन. शमीकडे जा."

खार गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

शमी चादरीत होती. नुसतं नाक बाहेर. नाकावर लाल ठिपका.

खार म्हणाली, "शमी, शमी, ऊठ.
डबा उघडेना,
मला शेंग मिळेना."

शमी म्हणाली, "माझं अंग खाजतंय. आई म्हणते खाजवू नको. मी खाजवत नाही. पण मी उठणार पण नाही. पाल्याच्या पाण्याने अंघोळ झाली की उठेन. हंड्याकडे जा."

खार गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

हंडा परसात चुलीवर बसला होता. पोटात गरम पाणी. बुडबुड, बुडबुड.

खार म्हणाली, "हंड्या, हंड्या, पाणी दे.
शमी उठेना,
डबा उघडेना,
मला शेंग मिळेना."

हंडा म्हणाला, "नुसतं पाणी काय कामाचं? पाला पडला की पाणी देईन. झाडाकडे जा."

खार गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

झाड तर खारीचंच. सळसळ, सळसळ.

खार म्हणाली, "झाडा, झाडा, पाला टाक.
पाणी मिळेना,
शमी उठेना,
डबा उघडेना,
मला शेंग मिळेना."

झाड म्हणालं, "तुझ्या तोंडात मावेल एक पान. हंड्याला हवी चांगली डहाळी. ती दादाच काढतो. दादा आला की पाला टाकेन. दादाकडे जा."

खार गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

दादा भिंतीला टेकून बसला होता. त्याचे ठिपके वाळले होते. ताप गेला होता. पण पाय लटपट, लटपट.

खार म्हणाली, "दादा, दादा, ये.
पाला पडेना,
पाणी मिळेना,
शमी उठेना,
डबा उघडेना,
मला शेंग मिळेना."

दादा म्हणाला, "उभा राहिलो की घर फिरतंय. पोटात काही नाही. गरम पेज प्यायलो की येईन. आईकडे जा."

खार गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

आई बाबांच्या उशाशी बसली होती. कपाळावर ओली घडी ठेवत होती. घडी तापली की पुन्हा पाण्यात, पुन्हा कपाळावर. आईचे केस सुटले होते. सकाळचा चहा तसाच गार झाला होता.

खार म्हणाली, "आई, आई, पेज कर.
दादा येईना,
पाला पडेना,
पाणी मिळेना,
शमी उठेना,
डबा उघडेना,
मला शेंग मिळेना."

आई हळूच म्हणाली, "तांदूळ धुऊन ठेवलेत गं. पण मी उठले की हे कण्हतात. बाबा झोपले की पेज करेन. बाबांना सांग."

खार बाबांच्या उशीवर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बाबा मोठे. बाबांचा ताप मोठा. बाबांच्या मिशीतसुद्धा एक ठिपका.

खार म्हणाली, "बाबा, बाबा, झोपा.
पेज शिजेना,
दादा येईना,
पाला पडेना,
पाणी मिळेना,
शमी उठेना,
डबा उघडेना,
मला शेंग मिळेना."

बाबा म्हणाले, "डोळे मिटतो, पण झोप येत नाही. घर कसं गप्प झालंय. रोज शमी हसते, खी खी खी. आज हसलीच नाही. शमी हसली की मी झोपेन. शमीकडे जा."

खार पुन्हा शमीकडे गेली. तुरु... तुरु... तुरु... तुरु... खार दमली होती.

खार म्हणाली, "शमी, शमी, हस.
बाबा झोपेनात,
पेज शिजेना,
दादा येईना,
पाला पडेना,
पाणी मिळेना,
तू उठेनास,
डबा उघडेना,
मला शेंग मिळेना."

शमी म्हणाली, "मला हसूच येत नाही. माझं तोंड बघ कसं झालंय. दादाचे ठिपके वाळले. बाबांचे मिशीत लपले. माझेच सगळे दिसतात."

आणि शमीने चादर डोक्यावरून ओढून घेतली. आता नाकसुद्धा दिसेना.

कुणाकडे जा, ते शमीने सांगितलंच नाही.

आता खारीने जायचं असं कुणी उरलं नाही.

खार बाहेर आली. कुंपणावर जाऊन बसली. शेपूट खाली सोडली. पोटातले कावळेसुद्धा दमून गप्प झाले.

कुंपणापलीकडे मंदामावशी कुंड्यांना गेरूच लावत होती. लाल लाल गेरू. कुंडी मोठी, ब्रश मोठा. मावशीने ब्रश गेरूत बुडवला. मावशीने ब्रश झटकला.

टप. टप. टप टप टप.

गेरू उडाला. कुठे उडाला? खारीच्या नाकावर. खारीच्या कानावर. खारीच्या पाठीवर. खारीच्या शेपटीवर.

मावशीने वर बघितलं. मावशी म्हणाली, "अगं बाई, तुलाही आल्या का गं?"

खारीने आपले हात बघितले. लाल ठिपके. पोट बघितलं. लाल ठिपके. शेपूट पुढे घेऊन बघितली. तिच्यावरही लाल ठिपके.

खार घाबरली. उडी मारून पळाली. तुरुतुरुतुरुतुरुतुरु.

थेट शमीच्या अंथरुणात.

"शमी, शमी, मला पण आल्या."

चादर जराशी हलली. शमीचा एक डोळा बाहेर आला.

एका डोळ्याने शमीने बघितलं. खारीच्या नाकावर ठिपका. कानावर ठिपका. शमीचा दुसरा डोळा बाहेर आला. दोन डोळ्यांनी शमीने बघितलं. पाठीवर ठिपके. शेपटीवर ठिपके. अगदी टोकाला सगळ्यात मोठा ठिपका. आणि खार तो मागच्या पायाने खराखरा खाजवत होती.

शमी म्हणाली, "खाजवू नको हं. खाजवलंस तर खूण राहते."

असं म्हणाली आणि शमीला हसू आलं.

खि.

खि खि.

खी खी खी खी खी.

शमी हसली. पलीकडच्या खोलीत बाबांनी ते ऐकलं. बाबांची मिशी हलली. बाबांनी कूस बदलली. आणि बाबा घोरायला लागले. घुर्र, घुर्र.

बाबा झोपले. आई हळूच उठली. केस बांधले. पातेलं ठेवलं. तांदूळ टाकले. रटरट, रटरट.

पेज शिजली. आईने वर तुपाचा थेंब सोडला. दादाने वाटी तोंडाला लावली. सुर्र, सुर्र. दुसरी वाटी. सुर्र, सुर्र. दादाने पाय खाली टेकले. पाय लटपटले नाहीत. घर फिरलं नाही.

दादा आला. हळूहळू परसात आला. झाडाखाली उभा राहिला. झाडाने फांदी खाली केली. सळसळ, सळसळ, कट.

पाला पडला. हिरवागार पाला हंड्यात पडला. बुडबुड, बुडबुड. पाण्याला हिरवा वास आला. कडू, पण छान.

पाणी मिळालं. आईने शमीला न्हाणीत नेलं. पाणी कोमट करून तांब्यातांब्याने घातलं. घळघळ, घळघळ. मग मऊ पंचा घेतला. अंग पुसलं नाही, नुसतं टिपलं. टिप, टिप, टिप. शमी म्हणाली, आता खाज थोडीशीच आहे.

शमी उठली होती. आता ती चालत चालत खिडकीत आली. तिने डब्याला हात लावला.

टकाक.

डबा उघडला. शमीने आत बघितलं. लहान शेंग बाजूला केली. वाकडी शेंग बाजूला केली. सगळ्यात टपोरी शेंग काढली, तीन दाण्यांची.

आणि म्हणाली, "घे. आजारी माणसाला जास्त भूक लागते."

खारीने दोन्ही हातांत शेंग धरली. कुटुकुटु, कुटुकुटु.

शमी हसली,
बाबा झोपले,
पेज शिजली,
दादा आला,
पाला पडला,
पाणी मिळालं,
शमी उठली,
डबा उघडला,
खारीला शेंग मिळाली.

मग आईने सकाळचा चहा पुन्हा गरम केला. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच निवांत बसून प्यायली.

खार मातीत लोळली. लोळ लोळ लोळली. तिचे ठिपके एका दिवसात गेले. शमीचे काही एका दिवसात गेले नाहीत. त्यांच्यावर आधी खपली आली. मग खपली पडली. बाबांच्या मिशीतला ठिपका सगळ्यांच्या शेवटी गेला. रोज सकाळी शमी बाबांच्या मांडीवर चढून मिशी बाजूला करून बघायची, आहे का गेला. बाबा ओठ पुढे काढून बसायचे.

तोवर खार काय करायची? चुर्र ऐकू येत नव्हतं, तरी खार रोज यायची. आणि डबा रोज उघडायचा.

आणि मग एका सकाळी, ऊन झाडाच्या शेंड्यावर आलं. ऊन फांदीवर आलं. ऊन ढोलीत आलं. खारीने कान टवकारले.

मोहरी तडतड.

कढीपत्ता...

चुर्र.

दाणे खारीला, टरफलं मुंगीला, आणि गोष्ट तुला.