राजेसाहेबांचा एकच शब्द

“पाठ करीन तर एकच शब्द! आणि त्या एका शब्दावर मला जेवणभर हिब्रू बोलता आलं पाहिजे!”

माडबंदरचे रुद्राजीराजे न्याहारीच्या पाटावरून गरजले. समोर रहामीम तेली हात जोडून उभा होता. त्याच्यामागे तेलाचा बुधला घेऊन त्याची मुलगी मिलका. दुपारी एडनचे घोड्यांचे व्यापारी याह्याशेट राजवाड्यावर जेवायला येणार होते. तेही रहामीमसारखेच यहुदी, त्यांच्याशी बोलायचं ते हिब्रूत. बंदरावर ती रहामीमच्या घरीच काय ती येत होती. सकाळपासून तो राजांकडून शब्द घोकून घेत होता, पण ‘पाणी’ म्हणायला जावं तर राजांच्या तोंडून ‘आकाश’ निघे!

“महाराज, एका शब्दावर कसं भागेल?”

“ते तू बघ! नाही जमलं, तर यापुढे शनिवारीसुद्धा घाणा चालवायचा!”

रहामीमचा चेहरा खर्रकन उतरला. शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशी घाण्याला बैल जुंपायचा नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. गाव त्यांना शनिवार तेलीच म्हणे. तेवढ्यात मिलकाची नजर राजांच्या ताटाकडे गेली. रागाच्या भरातही राजांचा हात घावनांवरून हलला नव्हता!

तिने बुधला खाली ठेवला. “महाराज, मी शिकवू? अख्खा शब्दही नको. तीन अक्षरं पुरेत. अ, ख, ल.”

“अर्थ?”

“खाणं!”

राजांचा घास हवेतच थांबला. “हं. अक्षरं बरी दिसतात. पुढे?”

“आपल्याकडे कसं, लेख, लेखक, लेखणी, लिखाण. ल आणि ख काही सुटत नाहीत, काना-मात्रा तेवढ्या बदलतात. हिब्रूत असंच, महाराज! मूळ हाती लागलं की शब्द आपोआप येतात. हे ताटातलं अन्न, ओखेल. जेवण झालं की म्हणायचं अखल्ती, मी जेवलो. शेवटचा ‘ती’ म्हणजे मी. सुरुवातीला ‘म’ लावा, मआखाल! म्हणजे पक्वान्न. आणि ही सुरी, मआखेलेत.”

“सुरी कुठे खाते गं?”

“बोट मध्ये घालून बघा, महाराज!”

रहामीमने डोळे मिटून घेतले. राजांच्या मिशा मात्र हलल्या. मग घासागणिक धडा सुरू झाला. ओखेल म्हणत घावन, मआखाल म्हणत खांडवी! ताट रिकामं झालं तेव्हा राजांना सगळं पाठ होतं.

“आणि जो खातो, खातो, थांबतच नाही, त्याला काय म्हणतात?”

मिलकाने ओठ दाबले. “अखलान, महाराज.”

“अखलान! वा! काय भारदस्त शब्द आहे!”

दुपारी याह्याशेट आले. रहामीम आणि मिलका पंगतीच्या कडेला उभे होते. राजांनी ताटावरून हात फिरवला, “ओखेल!” खांडवी वाढत म्हणाले, “मआखाल!” फणस कापायला सुरी मागवली तीही, “मआखेलेत!” परमुलखात आपली भाषा ऐकून शेट हरखून गेले. राजांना चेव चढला. त्यांनी छातीवर हात आपटला आणि दरबारी थाटात म्हणाले, “अखलान!”

याह्याशेटना जोराचा ठसका लागला. मग ते पोट धरून असे हसू लागले की पगडी सुटली!

राजांनी मिलकाकडे वळून विचारलं, “काय गं, त्या शब्दाचा अर्थ नेमका काय?”

“खादाड, महाराज.”

वाढप्याच्या हातातला डाव तसाच राहिला.

“तू मला, या माडबंदरच्या राजाला, खादाड म्हणालीस?”

मिलकाने हात जोडले. “मी कशी म्हणेन, महाराज? आपणच म्हणालात, छातीवर हात ठेवून. आणि तेही अस्खलित हिब्रूत! एका शब्दावर जेवणभर बोलायचं ठरलं होतं. आपण तर पाहुण्यांना हसवलंतसुद्धा!”

आधी राजांच्या मिशा थरथरल्या, मग पोट गदगदलं आणि मग ते याह्याशेटपेक्षाही मोठ्याने हसत सुटले!

“रहामीम, शनिवार तुझा! दिवाणजी, याच्या घाण्याला एक तगडा बैल द्या! आणि पोरी, तुला काय हवं?”

“ती खांडवी, महाराज. सकाळपासून नुसती नावंच घेतेय!”

राजांनी जागेवरून उठून आपल्या पुढ्यातली परात तिच्या हाती दिली. “घे! आणि संपव सगळी. आज इथे दोन अखलान जेवले पाहिजेत!”