रडू येणारी वाट

"दोन वाटा समोर आल्या, की जिच्यावर रडू येतं ती देवाची. असंच ना, सिस्टर?"

रोवेनाच्या आवाजात प्रश्न कमी आणि चीड जास्त होती. लहानपणच्या पहिल्या कम्युनियनपासून ती हा नियम ऐकत आली होती. तो कुणी केला, हे मात्र विचारायचं नाही.

ऐंशीला टेकलेल्या सिस्टर युफ्रेझी मठाच्या मागल्या पडवीत मोडाचे वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी परात दोघींच्या मधे सरकवली.

"सोल. तोंड चालू असलं तरी हात चालतात."

रोवेना सोलू लागली.

"घरी ठरलंय, मी मठात यायचं. नाव काढलं तरी मला रडू फुटतं. इनासकाका म्हणतात, हीच तर खूण! आता येतील ते, अर्जावर माझी सही घ्यायला."

"आणि दुसरी वाट?"

"जव्हारची कर्णबधिर मुलांची शाळा. प्रशिक्षणात तिथे शिकवलं, आता नेमणुकीचं पत्र आलंय. पण तिथे मला आवडतं ना... म्हणजे मोह!"

सिस्टरनी ओंजळभर वाल तिच्या मांडीवर टाकले.

"जव्हारला जाऊनच दाखवते! काकांचं तोंड कसं होतं ते बघायचंय मला. आमच्या घरात त्यांना नाही म्हणणारी पहिली मीच!"

तिचे डोळे चमकत होते. सिस्टर तिच्या बोटांकडे पाहत होत्या. चार वालांचा चेंदा झाला होता.

"हाही आनंदच की," सिस्टर म्हणाल्या. "जव्हारच्या एसटीत बसेपर्यंत टिकेल का गं?"

रोवेनाला राग आला. बोलणं खरं होतं, म्हणून जास्तच आला.

"...नाही टिकणार."

"मग मुलांचं सांग."

"काय सांगू? सगळी वांड आहेत. एक सुगंधा आहे, सहा वर्षांची. तिला मी समुद्राची खूण शिकवली. समुद्र तिने बघितलाय कुठे! तर मला विचारते, त्याला झाकण असतं का? म्हटलं, नाही. तर म्हणते, मग सांडत नाही?"

बोलता बोलता तिचे दोन्ही हात वर गेले होते. मांडीवरचे वाल पडवीभर गडगडले. तिला पत्ता नव्हता. पुढची गोष्ट ती नुसती हातांनीच सांगत सुटली, हसत हसत.

सिस्टरनी ओले हात पदराला पुसले आणि समुद्राची खूण करून पाहिली. चुकली. रोवेनाने त्यांची बोटं धरून ती नीट करून दिली.

"सिस्टर, मठात येताना तुम्ही किती रडलात?"

"मी? मी नाचत आले, बाय. रडत होती ती माझी आई."

"मग तो नियम?"

सिस्टर पुन्हा समुद्र करून पाहत होत्या...

पुढच्या दारातून इनासकाका आणि काकी आत आले. काकांच्या हातात अर्ज होता. लहानपणी त्यांनाही धर्मशिक्षण सिस्टरनीच दिलं होतं.

"सिस्टर, रडली का ही?" काकांनी उत्सुकतेने विचारलं.

"नाही रे. सगळे वाल मात्र सांडले."

रोवेना उठली. काकांसाठी तिने घरून एक झणझणीत वाक्य पाठ करून आणलं होतं. आता ते तोंडात घ्यावंसंच वाटेना.

"काका, मी सही करणार नाही. मी जव्हारला जातेय. तुम्ही सोडायला आलात तर मला फार बरं वाटेल."

काका भांडायला तयार होते. समोर भांडण नव्हतं. त्यांनी काकीकडे पाहिलं. काकीने जमिनीवरच्या वालांकडे.

"पण सिस्टर, मग... हिने वाहायचा क्रूस?"



सिस्टरनी काकांना शेजारी बसायची खूण केली.

"इनास, देवाबरोबर शेवटचं कधी हसला होतास रे?"