विमानाच्या टाकीत ताक

एका गावाच्या माळावर फौजेच्या विमानांचं वर्कशॉप होतं आणि तिथे भगुजी नावाचा एक भोळा कामाला होता. भोळा म्हणायचं ते आपलं माणुसकीने. डोक्यात नुसता भुसा. पण वर्कशॉपचे प्रमुख कुंभोजकर म्हणजे त्याच्या बहिणीचे यजमान. त्याला हाकलणार कोण?

एकदा वरून हुकूम आला. वर्कशॉपातली विषारी द्रव्यं कमी करा. खंडेनवमीला मोठे साहेब येतील, त्यांना विमान उडवून दाखवा. जमलं तर कुंभोजकरांना बढती, नाहीतर बदली.

कुंभोजकर म्हणाले, "भगुजी, विमानाचा रंग काढायचं औषध निम्मं कर."

भगुजीने निम्मं ओढ्यात ओतलं. ओढ्यातले मासे उताणे झाले.

"अरे गाढवा, विष ओतायचं नसतं. घट्ट झाकण लावायचं, कवटीचं चित्र डकवायचं आणि कुलपात ठेवायचं."

"बरं, दाजी."

खंडेनवमी उजाडली. विमानाला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. साहेब आले. चहाची किटली उचलताना भगुजीचा हात पोळला. म्हणजे वस्तू धोक्याची. त्याने झाकण दाबलं, कवटी डकवली आणि किटली कुलपात घातली. साहेब चहाची वाट बघत बसले.

"नुसतं कोंडून काय होतं? धोक्याचं काढलं की त्या जागी बिनधोक काहीतरी द्यायचं. ते औषध निम्मं केलं, तिथे आपण रिठ्याचं पाणी आणलं ना?"

"बरं, दाजी."

भगुजीने कप भरून रिठ्याचं पाणी नेलं. साहेबांच्या मिशांना फेस आला.

कुंभोजकरांनी त्याला कोपऱ्यात घेतलं. "काहीही भरण्याआधी स्वतः चाखून बघावं. पोटाला सोसलं तरच भरावं. एवढी अक्कल नाही?"

"आता आली, दाजी."

आणि एवढं होऊनही कुंभोजकरांनी विमानाची टाकी भरायला त्यालाच पाठवलं. शहाणपणाच्या बाबतीत ही सोयरीक अगदी जुळलेली होती.

भगुजीने इंधनाचं बोट जिभेला लावलं आणि भडाभडा ओकला. मग त्याने शिकवल्याबरहुकूम सगळं केलं.

वैमानिक चढला. बटण दाबलं. विमान नुसतं गुडगुडलं. साहेबांनी विचारलं, "टाकीत काय भरलंय?"

"ताक, साहेब. अख्ख्या गावातून गोळा केलं. आधी तांब्याभर पिऊन बघितलं, काही झालं नाही."

"आणि इंधन?"

"कुलपात. कवटी लावून."

कुंभोजकर मटकन खाली बसले. बढती गेली, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. भगुजीला त्यांची फार दया आली. तो कानाशी वाकला.

"दाजी, धीर सोडू नका. उडेल ते. जरा आंबू तर द्या."